टेप ३१८ : राक्षस, झोपलेला

आमच्या आईकडे एकशे चाळीस जोड बूट-चपला आहेत आणि त्यातले जेमतेम सहा तिच्या मापाचे आहेत. बाकीचे पोलिसांचे, म्हाताऱ्यांचे, नर्तकींचे, एक जोड तर अंतराळवीराचा. आई सिनेमाला आवाज देते. बोलण्याचा नव्हे, उरलेला सगळा. शूटिंगच्या वेळी माईक नटाच्या तोंडाशी असतो, त्याच्या पायांना कोण विचारतो? मग तो पडद्यावर जिना चढताना, खुर्ची ओढताना, कप खाली ठेवताना जे ऐकू येतं ते आईने नंतर तिच्या खोलीत, पडद्याकडे बघत, माईकसमोर केलेलं असतं. एका सिनेमात घोडासुद्धा आईच होती.

हे मी पूर्वी शाळेत कुणाला सांगत नसे, कारण गेल्या वर्षापर्यंत मी शाळेत कुणाला काहीच सांगत नसे. आता सांगते. आता मला थांबवावं लागतं.

आईच्या खोलीत एक दरवाजा आहे, चौकटीसकट उभा, पण त्याच्या मागे घर नाही. जमिनीत चौकोनी खड्डे आहेत: एकात वाळू, एकात खडी, एकात सुकी पानं, एकात लाकडी फळ्या. काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या टेबलाशी मामा बसतो. तो आईचा धाकटा भाऊ. आई इकडे धावून धावून घामाघूम होते तेव्हा तो तिकडे बिस्किटं खातो आणि माईकवरून सांगतो, "ताई, चोर दमलेला वाटतोय. जरा तरुण चोर दे."

ही खोली मुळात कानसेनकाकांची. त्यांना गाता अजिबात येत नसे, पण ऐकावं ते त्यांनीच, म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत. आई त्यांच्याच हाताखाली शिकली. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि मागे सहा हजार टेप ठेवून गेले. चाळीस वर्षं रेकॉर्डर गळ्यात अडकवून जे जे कानावर पडलं ते ते त्यांनी गोळा केलेलं. आणि प्रत्येक टेपवर चिठ्ठी, सुंदर, गोल, मोत्यासारख्या अक्षरात.

आता गंमत ऐका. त्या सहा हजार चिठ्ठ्यांतली एकही खरी नाही!

काकांचा नियमच तसा होता. आवाज कशाचा आहे ते लिहायचं नाही, तो पडद्यावर कशाचा होईल ते लिहायचं. "प्रेक्षकाला वाळू ऐकू येत नाही, पाऊस ऐकू येतो," असं ते म्हणायचे. "मग वाळू लिहून कुणाचं भलं होणार?" त्यामुळे 'पाऊस' या टेपमध्ये कागदावर सांडणारी वाळू आहे. 'आग' म्हणजे चुरगळलेला चकचकीत प्लॅस्टिकचा कागद. 'हाड मोडलं' म्हणजे गाजर. 'घुबड उडालं' म्हणजे चामड्याचे हातमोजे झटकलेत. काका होते तोवर काही अडत नव्हतं, कारण त्यांना सगळं पाठ. आई विचारायची, "काका, रिकाम्या गोदामाचा आवाज हवाय." काका पेपरातून मान वर न काढता सांगायचे, "'देवदूताचा श्वास'. वरून तिसरी फळी." काका गेले आणि सहा हजार टेप एका दिवसात मुक्या झाल्या. आईने आणि मामाने वर्षभर खपून त्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या, नावं मात्र काकांचीच ठेवली. मामा त्याला म्हणतो, सहा हजार थापा, सुवाच्य अक्षरात.

गेल्या महिन्यात एक ताई त्यांची फिल्म घेऊन आल्या. फिल्म त्यांच्या वडिलांवर होती. वडील तीस वर्षं नदीवरच्या फेरीबोटीचं इंजिन चालवत होते. पूल झाला, बोट भंगारात गेली, पण ताईंच्या चुलत्यांनी फार पूर्वी हौसेने कॅमेऱ्यावर टिपलेली हलती चित्रं राहिली होती: इंजिनरूम, वर-खाली होणारे लोखंडी दांडे, आणि मध्ये तेलकट बनियनमधले, मिशी काळी असलेले ताईंचे वडील. मी त्यांना आजोबा म्हणते. कॅमेरा साधा होता, त्यामुळे आवाज नाही. चिडीचूप.

"आवाज तुम्ही द्यायचा," ताई आईला म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. बाबांचे डोळे दहा वर्षांपूर्वी गेले. ही फिल्म त्यांना दिसणार नाही. त्यांच्यासाठी फिल्म म्हणजे फक्त आवाज."

आजोबा शेजारीच खुर्चीत बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. ते म्हणाले, "हिला स्पष्ट बोलता येत नाही. मी सांगतो. डोळे गेले, उजवा कान गेला, आता डावाही बिऱ्हाड आवरतोय. डॉक्टर म्हणतो, वर्ष संपेपर्यंत. त्याच्या आत एकदा माझं इंजिन ऐकवलंत तर बघा, बाई. नाहीतर नाही. मी काही रुसणार नाही."

आईने तिथल्या तिथे "ऐकवते" म्हणून टाकलं. आई कधीच अशी एका शब्दात हो म्हणत नाही.

पहिला आवाज तिने एका जुन्या डिझेल इंजिनवरून केला. आजोबांनी डाव्या कानाला हेडफोन लावला, दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "हा शेतातला पंप आहे."

दुसरा, आठवड्याने. "हा ट्रक. चढावर आहे. ड्रायव्हर नवीन आहे, गिअर बदलत नाहीये."

तिसऱ्याला आईने जिवाचं रान केलं. लाकडी खोका, लोखंडी साखळी, जुनं वॉशिंग मशीन, सगळं एकत्र करून तीन दिवस जुळवलं. आम्हाला तर ते ऐकून पायाखाली बोट हलल्यासारखं वाटलं. आजोबांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. आई नखं खात होती. मग ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, फार मेहनत घेतलीत. पण कुणीतरी कपडे धुतंय हो."

मामाला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात बदललं. आई हसली नाही.

"राहू द्या," ताई दारात म्हणाल्या. "इंजिनची चित्रं मूकच ठेवू. त्यांना खोटं ऐकवण्यापेक्षा काहीच नको. तीन आठवड्यांत फिल्म द्यायची आहे मला."

ते गेल्यावर आई बूट पुसायला बसली. आई हरली की बूट पुसते. सत्तावीस जोड झाले तरी ती उठेना, तेव्हा मी जाऊन शेजारी बसले आणि एक जोड हातात घेतला.

"आई, कानसेनकाका नदीपलीकडे राहायचे ना?"

"हो."

"मग ते कामाला कसे यायचे?"

"फेरीबोटीने. पूल होईपर्यंत." तिने ब्रश खाली ठेवला. "मला माहितेय तू काय विचारणार आहेस. त्यांनी ती बोट रेकॉर्ड केली नसेल, असं होणंच शक्य नाही. रोज गळ्यात रेकॉर्डर घेऊन त्या इंजिनावर उभे राहायचे ते. ती टेप आपल्याकडे आहे. या घरात आहे. पण कुठल्या नावाने? 'बोट' नावाच्या नऊ टेप आहेत. नऊच्या नऊ ऐकल्या. एक तर आपलं कपाट आहे."

"मग सगळ्या ऐकू."

"सहा हजार टेप, सरासरी वीस मिनिटं. रोज आठ तास ऐकलं तर अडीचशे दिवस." तिने हिशेब आधीच केला होता. म्हणजे तिच्या मनात ते येऊन गेलं होतं.

आणि तेव्हा मी बोलले. गेल्या वर्षीची मी असते तर बूट पुसून गप झोपायला गेले असते. पण मधल्या काळात आमच्या शाळेत संगणकाच्या नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी मला शाळेच्या जुन्या फोटोंतून कॉम्प्युटरने हवा तो फोटो शोधण्याचा एक प्रकल्प दिला होता आणि तो वर्गासमोर मांडताना पाच मिनिटांच्या ऐवजी मी बावीस मिनिटं बोलले होते. शेवटी घंटा झाली म्हणून थांबले. त्या दिवसापासून माझं झाकण उडालंय ते उडालंय.

"मी शोधते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मामाला समजावत होते, कारण कॉम्प्युटर मामाचा होता आणि तो कुणाला हात लावू देत नाही.

"कॉम्प्युटरला कान नाहीत, डोळे नाहीत. त्याला फक्त आकडे कळतात. बरोबर?"

"आमच्या निर्मात्यांसारखं."

"ऐक ना! तर तो प्रत्येक गोष्टीला एक पत्ता देतो. एक हजार चोवीस आकड्यांचा."

"पोस्टमन मरेल."

"मामा! कुत्र्याचा फोटो दिला की त्याचा एक पत्ता. भुंकण्याचा आवाज दिला की त्याचा एक. 'कुत्रा' असा शब्द दिला की त्याचाही एक. आणि हे तिन्ही पत्ते एकाच गल्लीत निघतात! फोटोला आवाज नाही, आवाजाला रंग नाही, तरी शेजारी-शेजारी!"

मामाने बिस्कीट खाली ठेवलं. "त्याला कसं कळलं ते शेजारी आहेत?"

"लाखो व्हिडिओ बघून. जिथे कुत्रा दिसतो तिथे भुंकणं ऐकू येतं, हेच पुन्हा पुन्हा बघत शिकला. मी नाही शिकवलं, ते तयार मिळतं, फुकट. मी फक्त आपल्या टेपांना पत्ते लावणार. मग आजोबांच्या फिल्ममधली इंजिनची चित्रं द्यायची, त्यांचा पत्ता काढायचा, आणि त्या गल्लीत कोण कोण राहतं त्यांची दारं वाजवायची."

 मामाने उठून खुर्ची माझ्याकडे ढकलली. "बसा, शास्त्रज्ञ. पण माझी बिस्किटं पत्त्यात घेऊ नका."

आणि मी घोळ घातला. साधासुधा नाही, शाही घोळ. मला वाटलं, जितकी माहिती जास्त तितकं चांगलं. म्हणून प्रत्येक टेपचा पत्ता काढताना मी अर्धा आवाजावरून काढला आणि अर्धा काकांच्या चिठ्ठीवरून. शनिवारची दुपार गेली, कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहिला, आणि शेवटी मी मोठ्या ऐटीत आई-मामांना बोलावून इंजिनची चित्रं दिली.

पहिलं नाव आलं: 'बोट, वादळात.' मी टाळ्या वाजवल्या. मामाने टेप लावली. कुणीतरी टबमध्ये टॉवेल पिळत होतं.

दुसरं: 'जहाजाचा भोंगा.' रिकाम्या बाटलीत फुंकलेलं.

तिसरं: 'बंदर, पहाट.' हे ऐकून आई आणि मामा एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्यात खुद्द कानसेनकाका गुळण्या करत होते. मध्येच थांबून त्यांनी कुणालातरी "टॉवेल दे गं" असंही म्हटलं होतं. मामा खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला. माझे कान गरम झाले. जुनी मी आतून हाक मारायला लागली: बघ, म्हणून गप्प बसायचं असतं.

आई मात्र हसली नाही. तिने विचारलं, "तू त्याला चिठ्ठ्या वाचायला दिल्यास?"

"हो. म्हणजे त्याला मदत व्हावी म्हणून..."

"मला काकांनी पहिले सहा महिने एकही चिठ्ठी वाचू दिली नव्हती," आई म्हणाली. "टेप हातात द्यायचे आणि चिठ्ठीवर अंगठा ठेवायचे. म्हणायचे, आधी ऐक. वाचलंस की कान दुकान बंद करून घरी जातात." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. "त्याच्या डोळ्यांवर अंगठा ठेव."

मी चिठ्ठ्या काढून टाकल्या. सगळे पत्ते पुन्हा, फक्त आवाजावरून. रविवारी सकाळी सातला सुरू केलं, दुपारी दोनला संपलं. आई-मामा जेवत होते. त्यांना बोलवायच्या आधी, म्हटलं, जरा आपण एकटीने खेळून बघू.

मी त्याला शेकोटीचा फोटो दिला. बारा टेप आल्या. त्यातल्या अकरा चुरगळलेल्या कागदाच्या होत्या आणि एकच खऱ्या आगीची, तीही नववी! मला आधी हसू आलं आणि मग हसता हसता मी थांबले. कॉम्प्युटर फसला होता. पण आपण जिथे फसतो, अगदी तिथेच फसला होता. काकांनी चाळीस वर्षं माणसांच्या कानांना ज्या जागी गंडवलं, ती जागा त्या एक हजार चोवीस आकड्यांतही होती. कुणी त्याला ती दाखवली नव्हती.

मग मी फोटो बाजूला ठेवला आणि नुसता एक शब्द लिहिला: एकटेपणा. हा शब्द कशाचाच फोटो नाही. याला कसला आवाज असणार? एक टेप वर आली. तिचं नाव होतं 'मंत्र्याचं पोट'. मी हेडफोन लावले. रिकाम्या इमारतीतली लिफ्ट वर जात होती. थांबली. दार उघडलं. कुणी आलं नाही. दार मिटलं. पुन्हा खाली.

 मी हेडफोन काढून खोलीभर चालत सुटले, वाळूतून, खडीतून, पानांतून. मला कळेना कुणाला सांगू. काका कधीतरी एकटेच त्या लिफ्टजवळ उभे राहिले असतील, त्यांनी ते टिपलं, वर विनोदी चिठ्ठी चिकटवली, आणि त्यात जे होतं ते कुणाला सांगितलं नाही. आणि आज एका यंत्राने, ज्याने आयुष्यात लिफ्टची वाट बघितलेली नाही, तो शब्द आणि तो आवाज शेजारी-शेजारी ठेवले होते.

"आई!" मी ओरडले. "जेवण राहू दे, ये!"

इंजिनची चित्रं दिली. वीस नावं आली. मामा चष्मा नाकावर ओढून कोर्टात पुकारतात तसा एकेक नाव पुकारू लागला.

"'ढग, रागावलेले'!" छपाईचं यंत्र.

"'सासू, विचारात'!" जनरेटर. आई म्हणाली, ही टेप मला हवीच होती.

"'मधमाश्यांची सभा'!" शिलाई मशीन, बहुतेक पाच-सहा एकत्र.

यंत्रं होती, सगळी यंत्रंच होती, एकही गुळणी नव्हती! पण बोट नव्हती. चौथं, पाचवं, सहावं. मामाचा आवाज उतरत चालला. आई प्रत्येक टेप दोनच सेकंद ऐकून बोटाने 'पुढे' करत होती. सातवं.

"आठ," मामा म्हणाला. "टेप तीनशे अठरा. 'राक्षस, झोपलेला'. जाऊ दे, हे चुकून आलं असणार. हा तर बाहुल्यांच्या सिनेमातला राक्षस."

"लाव," मी म्हणाले.

"अगं, घोरणं आहे ते, मला माहितेय."

"मामा, चिठ्ठी नाही वाचायची!"

त्याने लावली. आणि खरंच घोरणं होतं. खोल, ओलं, लांबलचक, डोंगराएवढ्या कुणाचं तरी. घर्र... हूम. घर्र... हूम. मला रडू यायला लागलं. इतकं पटलं ते घोरणं की दुसरं काही सुचेचना.

आई मात्र बोट हलवत नव्हती. दोन सेकंद झाले, दहा झाले. तिने चपला काढल्या, स्पीकरपाशी जाऊन जमिनीवर बसली आणि त्याच्या जाळीवर तळहात ठेवला.

"हा सिनेमा माझा पहिला," ती म्हणाली. "मी काकांना तीन वर्षं विचारत होते, राक्षस कुठून आणलात. सांगितलं नाही त्यांनी." तिने डोळे मिटले. "माणूस घोरतो ना, तेव्हा एक श्वास दुसऱ्यासारखा नसतो. कुठे अडकतो, कुठे घसरतो. हा अडकत नाहीये. हा कुणी जिवंत नाही." मग डोळे उघडून एकदम, "अरे, वेग दुप्पट कर!"

"काय?"

"काकांनी टेप निम्म्या वेगाने उतरवलीय. दुप्पट कर, दुप्पट!"

मामाने बटण फिरवलं.

राक्षस जागा झाला. धपधप-झुक, धपधप-झुक, खाली कुठेतरी पाणी आपटतंय, साखळी किणकिणतेय, आणि सगळ्याच्या मधोमध ते लोखंड, गोल, जड, न थकणारं.  मामाने पडद्यावर आजोबांची चित्रं लावली आणि आवाज त्यांच्याखाली सरकवला. दांडा खाली आला, धप. वर गेला, झुक. थोडं मागे-पुढे होतं, मामाने एका केसाएवढं सरकवलं, आणि मग चित्र आणि आवाज जे एकमेकांत बसले ते बसलेच. चाळीस वर्षं मुकं असलेलं इंजिन आमच्या डोळ्यांसमोर बोलायला लागलं होतं.

निम्म्या वेगाने उतरवलेलं, राक्षस म्हणून नाव घातलेलं, दोन माणसांच्या तीक्ष्ण कानांनी घोरणं म्हणून सोडून दिलेलं, आणि तरी त्या यंत्राला चित्रातल्या दांड्यांशी त्याचं काहीतरी नातं दिसलं. काय दिसलं? मी सोमवारी संगणकाच्या बाईंना विचारलं. त्यांनी फळ्यावर बरंच काही काढलं, मग खडू ठेवला आणि म्हणाल्या, "खरं सांगू? नेमकं काय, ते मलाही माहीत नाही." बाईंना माहीत नाही! मला वाटलं होतं मी खट्टू होईन. उलट घरापर्यंत पळत आले.

आईने मात्र रविवारीच दम दिला होता. "कुणी नाचायचं नाही. नदीवर आणखीही बोटी असतील. ही त्यांची आहे की नाही, ते आपण सांगणारे कोण?" आणि पुढची टेप तिने कुणाला ऐकूही दिली नाही. म्हणाली, आता त्यांच्याबरोबरच.

आजोबा बुधवारी दुपारी आले. ताईंनी त्यांना हाताला धरून आणलं. ताईंचा चेहरा 'उगाच आलो' असा होता. आजोबांनी बसताना विचारलं, "आज काय, बाई? रेल्वे?"

 आईने त्यांच्या डाव्या कानाला हेडफोन नीट बसवला, आम्हा सगळ्यांसाठी स्पीकरही चालू केला आणि मामाला खूण केली.

आजोबा दोन सेकंदांत बोलले नाहीत. पाच सेकंदांत नाही. त्यांचा चेहरा आधी होता तसाच होता, आणि मला वाटलं, संपलं, ऐकूच येत नाहीये त्यांना.

"वाढवा," ते म्हणाले.

मामाने वाढवला.

"अजून."

मग त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मागचं बेअरिंग," ते चिडून म्हणाले. "ऐका. तिसऱ्या ठोक्याला लंगडतंय. ऐकू येतंय का? नाही येणार. तीनदा लिहून दिलं होतं मी ऑफिसात, तीनदा! म्हणे, पुढच्या महिन्यात बदलू. बदललं का? नाही बदललं मेल्यांनी!"

ताईंनी तोंडावर हात दाबला. "बाबा, म्हणजे ही..."

"गप बस गं, ऐकू दे."

 मी तिसरा ठोका शोधत होते. मला तो सापडत नव्हता. आईला सापडला असावा, कारण ती मान हलवत होती. मामाच्या तोंडात बिस्कीट होतं आणि तो ते चावत नव्हता.

टेप पुढे गेली, आमच्यापैकी कुणी न ऐकलेल्या भागात. इंजिन तसंच चालू होतं, आणि मग त्याच्यावरून, वरून कुठूनतरी, घंटा वाजली. टण्, टण्.

आजोबांचे दोन्ही हात उठले. काठी जमिनीवर पडली. डावा हात हवेतलं एक चाक धरून फिरवू लागला, उजव्याने काहीतरी जड, पक्कं, स्वतःकडे ओढलं. खांदे वाकले, पायाच्या टाचेवर जोर आला. ते हात एकदाही चाचपडले नाहीत, खोलीत शिरताना दाराची चौकट चाचपडणारे तेच हात.

आणि स्पीकरमध्ये, त्याच क्षणी, इंजिन मंदावलं.

"दोन घंटा म्हणजे धक्का आला," ताई पुटपुटल्या. "वेग सोड, उलटं फिरव."

मामाने कसंबसं बिस्कीट गिळलं. "हे... हे टेपमध्ये कोण चालवतंय?"

"कोण म्हणजे?" आजोबा म्हणाले. हात अजून चाकावर होते. "मीच की."

मी त्या हातांकडे बघत होते आणि स्पीकरमधलं इंजिन ऐकत होते आणि ते दोन्ही एकच होतं. हात वळला की लोखंड वळत होतं. हात थबकला की पाणी मागे खळाळत होतं. काकांनी वर डेकवर उभं राहून जो आवाज टिपला होता त्यात हे हात होते, पहिल्यापासून. आम्हाला ते ऐकूच आले नव्हते.

इंजिन अगदी हळू झालं. आजोबांनी मान जराशी कलती केली, जणू समोर काहीतरी येत होतं आणि ते किती जवळ आलंय हे त्यांना पोटातून कळत होतं. उजवा हात त्यांनी सावकाश सोडून दिला.

"टेकली," ते म्हणाले.

आणि मग स्पीकरमध्ये बोट धक्क्याला लागली.